मुंजाजीनं नीट केलेली गाडी

माणिकरावांची अँबॅसिडर वालूरात आली ती ढकलतच. जिंतूरच्या एका कापूस व्यापाऱ्यानं काढून टाकलेली जुनी गाडी. वेशीपर्यंत आली, गचके दिले आणि गप झाली. माणिकराव पांढऱ्या कपड्यांत बाजूला उभे राहिले आणि त्यांचा धाकटा भाऊ मुंजाजी मागून रेटू लागला. दोघांच्या कामाची वाटणी पुढंही साधारण अशीच राहिली.

मुंजाजीला गाडीचं कुणी शिकवलं नव्हतं. मळ्यातलं पाण्याचं इंजिन तो स्वतः खोलायचा, त्याच जोरावर त्यानं बॉनेट उघडलं. चारही प्लग काढले, तर टोकं काजळीनं काळीकुट्ट. पॉलिश पेपरनं घासून, पेट्रोलनं धुऊन परत बसवले. गाडी सुरू झाली, पण तापकऱ्यासारखी थरथरायला लागली. मग तो सेलूला गेला आणि चंद्रभान मेकॅनिकच्या गॅरेजसमोर चहा पीत बसला. प्लगच्या टोकाची फट पातळ पट्टी घालून मोजतात, हे तिथं बघून आला आणि तशीच पट्टी घेऊन आला. हळूहळू कार्बोरेटरलाही हात घालायला लागला. आतली पाकळी धुळीनं चिकटली की ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिन भणभणत राही. ती तो पुसून मोकळी करी. पेट्रोलची बारीक भोकं तोंडानं फुंकी. तार घातली की भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते, हे एकदा फसल्यावर कळलं होतं. भोकं फुंकली की त्या दिवशी जेवणाला पेट्रोलची चव यायची.

"भाकर गोड लागना म्हणता, आन् पुन्हा त्या डब्याला तोंड लावता," त्याची बायको धुरपताबाई म्हणायची. मुंजाजी हसायचा.

गाडी चालवायचे माणिकराव. त्यांना जिल्हा परिषदेवर जायचं होतं, आणि गाडीवाला माणूस गावोगाव वेगळाच दिसतो. एकदा एका लग्नाला जायला मुंजाजी धुतलेला सदरा घालून गाडीजवळ आला, तर माणिकराव म्हणाले, "तू एसटीनं ये मुंजा. तुझ्या अंगाला वास यायलाय. गाडीत पाहुणे बसणारेत."

मुंजाजीला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. गाडी निघाली की तो दारात उभा राहून कान देऊन ऐकायचा. वेशीपर्यंत आवाज एकसारखा गेला की त्याला आपणच गेल्यासारखं वाटायचं.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात निवडणुकीची धामधूम सुरू झाली. आदल्या पावसाळ्यात नामांतरावरून मराठवाडा पेटला होता. तेव्हापासून एसटीचा भरवसा राहिला नव्हता. कुठं बंद, कुठं मोर्चा, कुठं रास्ता रोको. अशात राणीसावरगावाहून निरोप आला की धुरपताबाईचे वडील आश्रुबा शेवटच्याला लागलेत आणि लेकीचं नाव घ्यायलेत.

धुरपताबाईनं आजवर दिराकडं काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी ती पदर सावरून ओसरीच्या कडेला उभी राहिली. मुंजाजीनंच विषय काढला. माणिकराव लगेच म्हणाले, "विचारायलास काय? गाडी कशाला हाय मग? सकाळी मीच सोडतो तुमाला. तेवढी नीट करून ठेव, झटके द्यायलीय."

मुंजाजी दुपारभर उन्हात गाडीत डोकं घालून बसला. प्लग घासले, फट मोजली, कार्बोरेटर खोलून पुन्हा जोडला. दिवस मावळताना इंजिन असं चालायला लागलं, की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तरी पाणी हललं नसतं. धुरपताबाईनं दशम्या बांधून ठेवल्या.

सकाळी अंगणात गाडी नव्हती.

"साहेब यायलेत म्हणं परभणीला," माणिकरावांची बायको कमलबाई चुलीकडं बघत म्हणाली. "तिकिटाचं काम हाय. येतेत की दुपारपातूर."

धुरपताबाईनं दशम्यांचं गाठोडं उचललं आणि ती स्टँडकडं चालायला लागली. मुंजाजी मागून गेला. परभणीला पोचले तर मोर्चामुळं गंगाखेडवरून राणीसावरगावाला जाणाऱ्या गाड्या थांबवलेल्या. दोघं स्टँडच्या कडेला बसून राहिले. तेवढ्यात मुंजाजीची मान वळली. गाडी दिसायच्या आधी त्यानं आवाज ओळखला होता. रस्त्यावरून अँबॅसिडर गेली. पुढं माणिकराव, मागं हार घातलेली माणसं. चारही प्लग नेमके पेटत होते. कुठं खंड नव्हता. तो हात वर करायला उठला, तोवर गाडी पुढं गेली होती. धुरपताबाईनं गाडीकडं पाहिलं नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

राणीसावरगावला पोचले तेव्हा माणसं ओढ्यावरून अंघोळ करून परतत होती.

दिवस आटोपून ते वालूरला आले. माणिकराव ओसरीत बसले होते. तिकीट मिळालं होतं. "म्हातारं माणूस होतं, सुटलं," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "गाडी मात्र त्या दिशी लय झकास पळाली, मुंजा."

आत आल्यावर धुरपताबाई म्हणाली, "तुमी नीट केली म्हणूनच गेली ती. तशीच खोलून ठिवली असती तर दारात ऱ्हायली असती. सकाळी तुमाला हाक मारावी लागली असती, आन् आपून बी गेलो असतो."

दुसऱ्या दिवशी मुंजाजीनं कार्बोरेटर काढला आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवला. माणिकरावांना प्रचाराला निघायचं होतं.

"कुठाय ते?"

"माझ्यापशी हाय. देत न्हाई."

आता दादा ओरडतील, मग समजूत घालतील, निदान का म्हणून विचारतील, असं मुंजाजीला वाटलं होतं. आपल्यावाचून ही गाडी हलणार नाही, एवढी एकच गोष्ट त्याच्याजवळ होती. माणिकरावांनी सरळ सेलूला माणूस धाडला. चंद्रभान नवा कार्बोरेटर घेऊन आला, चारही प्लग नवे टाकले, आणि त्याचा चहा निवायच्या आत गाडी सुरू झाली. मुंजाजी खोलीच्या दारात उभा राहून ऐकत होता. आवाज चांगला होता. खरं तर त्याच्या हातानं कधी आला नव्हता इतका चांगला.

"नवं ते नवं," माणिकराव म्हणाले आणि गेले.

ते निवडून आले. सुगी झाल्यावर मुंजाजी वेगळा निघाला, म्हणजे त्याला वेगळं काढलं. पुढं गावात फटफट्या आल्या. कुणी प्लग घेऊन दारात आलं की तो म्हणे, "मला न्हाई जमत त्यातलं. सेलूला जा."

वडिलांच्या श्राद्धाला धुरपताबाई दरवर्षी एसटीनं राणीसावरगावला जाते. एका वर्षी मुंजाजीनं विचारलं, "मी येऊ का संगं?"

"आता कशाला?" ती म्हणाली, आणि पिशवी काखेला मारून निघाली.