आवडीकाकूचा बर्फ

आमच्या कुडपण गावात परदेश पाहून आलेला माणूस एकच, सहदेवकाका. गेल्या साली थंडीत त्यांच्या मुलाने, विनीतने, सुट्टीला आईबाप दोघांनाही जर्मनीत म्युनिकला बोलावलं होतं. हौस खरी आवडीकाकूला. तिने महाडच्या बाजारातून लाल लोकरी टोपीसुद्धा आणली. बर्फ बघायचा म्हणून नाचत होती. काका म्हणजे आंबेनळी घाटातल्या धुक्यालाही शिव्या घालणारा माणूस.

पण म्हैस नुकती व्यालेली. शेजारची गोदूबाई म्हणाली, "जा गो, मी काढते धार." काका अडून बसले.

"ती दुसऱ्याच्या हाताला दूध द्यायची नाय. आवडी, तू पुढल्या साली जा."

काकूने लाल टोपी घडी करून ठेवून दिली. काकांनी त्याचाच होकार धरला आणि एकटे गेले.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, तशी गत. रस्ता चुकलो तर विचारायचं कुणाला, या धास्तीने काका महिनाभर हीटरला चिकटून बसले. विनीत फिरवायला निघाला की यांचे गुडघे दुखायचे. वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडत राहिला. काकू फोनवर विचारायची, "अवो, हातात धरला की कसा लागतो?"

"गार लागतो."

"ते मलापन ठावं हाय!"

काका परत आल्यावर गोदूबाईनेच त्यांना सांगितलं, मधे आवडी तापाने पडली होती, तेव्हा धार आपणच काढली. म्हशीने पहिल्या दिवशी पाय आपटले, मग निमूट दूध दिलं. पुढे उन्हाळ्यात विनीतचं तिकडचं काम संपलं आणि तो पुण्याला आला. काकूचं पुढलं साल राहूनच गेलं.

"तिची हौस मी नेली रे, आन वाया घालवली," काका मला म्हणाले. डोळे भरले होते. मला दया आली, तितकाच रागही आला. म्हटलं, मला काय सांगता, काकूला सांगा.

यंदा थंडी लवकर पडली. परवा सकाळी मी दुधाला गेलो, तर काकू लाल टोपी घालून धार काढत होती. काका गोठ्याच्या दारात घुटमळत होते.

"आवडी, खरं सांगू गो? बर्फ मी हातात धरलाच नाय. खाली उतरलोच नाय."

काकूचे हात थांबले नाहीत.

"मी धरला असता," ती म्हणाली.