दोन घंट्या, सगळं ठीक

या पानावरचे अनुभव मी आजवर वाचायचो ते चुका काढायला. लाईट गेली, कुत्रं रडलं, मागून कुणी हाक मारली... प्रत्येकाला काहीतरी साधं कारण असतं, आणि ते शोधायचा कंटाळा आला की लोक 'अमानवीय' म्हणून मोकळे होतात, असं माझं ठाम मत होतं. छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल विभागात काढलीत. तारेतून करंट गेला तर दिवा लागतो, नाही गेला तर लागत नाही, मधलं काही नसतं. त्यामुळे आज स्वतःच इथे लिहायला बसलोय याची मला भयंकर चीड येतेय.

आम्ही झाशीचे, नगरा भागात घर. (हो, झाशीत मराठी लोक आहेत, अडीचशे वर्षं आहेत. पुण्याच्या नातेवाइकांनी हा प्रश्न दर लग्नात विचारू नये.) घरात मी, बायको सुमन आणि माझे थोरले भाऊ नाना. नानांचं वय चौऱ्याहत्तर, लग्न केलं नाही, शाळेत संस्कृत शिकवायचे. आता इथल्या चार-पाच मराठी घरांत पूजा सांगतात. शुगर आहे, आणि हट्ट शुगरपेक्षा जुना आहे.

आमच्या घरात फोनचा एक नियम आहे, वडिलांनी घालून दिलेला. बाहेरगावी कुणी असेल तर ठरल्या वेळी दोन घंट्या वाजू द्यायच्या आणि कापायचं. दोन घंट्या म्हणजे सगळं ठीक, उचलायचं नाही. तिसरी वाजली तर काहीतरी बिघडलंय, मग उचलायचं. वडील म्हणायचे, ठीक असेल तर बोलायचं काय? घरी मोबाईल आले तरी नियम तोच राहिला. आमची मुलगी ऋता याला वेडेपणा म्हणते.

ही ऋता जर्मनीत असते. जूनमध्ये तिचं बाळंतपण होतं, म्हणून आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी निघालो. निघायच्या आदल्या आठवड्यात नानांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल चावली. छोटीशीच जखम, पण शुगरच्या माणसाला छोटी जखम असं काही नसतं. रोज संध्याकाळी मीच पट्टी करायचो. मी म्हटलं, सुमन एकटी जाईल, मी थांबतो.

"तू बेकारमध्ये टेन्शन घेऊ नको, बाळू," नाना म्हणाले. "पट्टी मला बांधता येते. रोज साडेसातला पट्टी झाली की तुला दोन घंट्या देईन. जा आरामात."

शेजारच्या तिवारीजींना लक्ष ठेवायला सांगितलं, आणि गेलो.

परदेशात मोबाईल वापरणं हा एक वेगळाच छळ आहे. कुठलं पॅक घ्यायचं ते झाशीतल्या दुकानदाराने एक सांगितलं, जावई अनिरुद्धने दुसरं, आणि कस्टमर केअरवाली बाई 'आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है' यापुढे गेलीच नाही. शेवटी रोमिंग सुरू झालं. रोज जर्मनीत दुपारचे चार वाजले, म्हणजे झाशीत साडेसात, की खिशात दोनदा वाजायचं आणि बंद. मी सुमनला म्हणायचो, "पट्टी झाली." ती मान हलवायची. नानांकडे बटणांचा साधा फोन, व्हॉट्सॲप नाही. परत फोन करून विचारायचं काही कारणच नव्हतं.

असे अठरा-वीस दिवस गेले. मग एका शनिवारी मी दूध आणायला गेलो आणि रस्ता चुकलो, सगळी घरं एकसारखी. तासाभराने सापडलो. त्यावर घरात माझ्या अपरोक्ष चर्चा झाली असणार, पण मला कुणी काही बोललं नाही. गुरुवारी सकाळी ऋताला मुलगी झाली. दोघी सुखरूप. दुपारी दवाखान्याच्या आवारात मी, सुमन आणि अनिरुद्ध कॉफी घेत बसलो होतो. चार वाजले, दोन घंट्या आल्या.

आज मात्र मला नानांशी बोलायचं होतं. आजोबा झालोय, नियम गेला खड्ड्यात, असं म्हणून लगेच नानांचा नंबर लावला. 'स्विच ऑफ'. पुन्हा लावला, स्विच ऑफ. आता घंटी दिली आणि आता फोन बंद? मी वैतागलो. मग तिवारीजींना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी उचलला, पण मागे आमची गल्ली दिसेना. हिरवा पडदा, सलाईनचा स्टँड, आणि पलंगावर नाना. उजवं पाऊल भलंमोठं बांधलेलं.

"भैया, नानाजी ने कसम धरा दी थी," तिवारीजी म्हणाले. "बोले, बिटिया का टाइम है, वहाँ किसी को खबर न जाए। हम का करते?"

झालं होतं ते असं. शनिवारी नाना एका ओळखीच्या घरी पूजा सांगायला बेतवा नदीकाठच्या एरच गावी गेले. चिरगाँवला बस बदलून, उन्हात, जखमी पायाने. मला विचारलं असतं तर जाऊ दिलं नसतं, म्हणूनच विचारलं नाही. पूजा झाल्यावर घाटावर पाय धुवायला वाकले आणि खिशातला फोन बेतवेत पडला. तो काढायला पट्टीसकट गुडघाभर गाळात उतरले. फोन सापडला नाही. रविवारी ताप, सोमवारी पाय काळानिळा, तिवारीजींनी उचलून दवाखान्यात नेलं. मंगळवारी अंगठा कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, रविवारीच आणलं असतं तर कदाचित वाचला असता.

मी ऐकत होतो आणि डोक्यात एकच येत होतं. "असं कसं होईल?" मी अनिरुद्धला म्हटलं. "शनिवारपासून आजपर्यंत रोज घंटी आली आहे. आत्ता आली ना. तू ऐकलीस."

अनिरुद्धने कॉफी खाली ठेवली. मग हळू म्हणाला, "बाबा, ती मीही ऐकली. पण तुमच्या फोनमध्ये इंडियाचं सिम नाहीये. रविवारी काढून इथलं घातलं, रस्त्यात नकाशा चालावा, तुम्ही पुन्हा हरवू नये म्हणून. आईंना सांगितलं होतं."

सुमन म्हणाली, "मला वाटलं, ह्यांना माहीत आहे."

सिम घरी होतं, सुमनच्या गोळ्यांच्या डबीत. नानांचा फोन नदीत होता. आणि माझ्या कॉल-लिस्टमध्ये 'नाना', 'नाना', 'नाना'... शनिवार ते गुरुवार, सहा मिस्ड कॉल. मी सिग्नलचे दिवे लागावेत म्हणून तारा तपासण्यात आयुष्य घालवलंय. इथे तपासायला तारच नव्हती.

चौथ्या दिवशी मी एकटाच झाशीला परतलो. नाना घरी आले होते. आल्या आल्या भांडायचं नाही असं दिल्लीपासून ठरवून आलो होतो. ते पहिल्या चहापर्यंत टिकलं. कॉल-लिस्ट त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं, "नाना, हे काय आहे? कुणाच्या फोनवरून करत होता?"

त्यांनी चष्मा वर केला, यादी वाचली. मला वाटलं होतं दचकतील. ते म्हणाले, "पोचल्या का? छान."

"काय पोचल्या? फोन कुठे होता तुमच्याकडे?"

"फोन नव्हताच. पण साडेसात वाजले की मला चैन पडेना. तू तिकडे घड्याळ बघत असशील. मग डोळे मिटायचे, मनात तुझा नंबर फिरवायचा, दोनदा वाजू द्यायचं, ठेवून द्यायचं. मंगळवारी जरा उशीर झाला, भूल उतरेपर्यंत."

मी यादीत मंगळवार शोधला. बाकी सगळे बरोबर चारचे. मंगळवारचा चार चाळीसचा.

मी खाली बसलो. घाबरलो वगैरे नाही. मला राग आला. इथे लोक लिहितात, त्यांच्या आजोबांनी स्वप्नात येऊन सावध केलं, कुणी हाक मारून अपघातातून वाचवलं. आमच्या माणसाला सात समुद्रांपलीकडे, विना फोन, विना सिम, घंटी मारता येते, आणि तो सांगतो काय, तर सगळं ठीक आहे.

"तिसरी का नाही दिली, नाना?" मी विचारलं. "एकच जास्त. मी रविवारीच तिवारीजींकरवी तुम्हाला दवाखान्यात नेलं असतं, स्वतः निघालो असतो. अंगठा राहिला असता."

"म्हणूनच नाही दिली," नाना म्हणाले. "तिसरी दिली असती तर तू आला असतास. पोरीच्या अशा वेळी बाप जवळ नको?"

मी त्यांची पट्टी सोडली आणि नवी बांधायला घेतली. जखम बघवत नव्हती. ते छताकडे बघत बाळाचं नाव काय ठेवताय विचारत होते.

फोन मी बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला दाखवला. "अंकल, सॉफ्टवेअर का चक्कर है," म्हणत मी नको नको म्हणेपर्यंत त्याने सगळं पुसून नवं भरून दिलं. म्हणजे पुरावाही गेला. सुमन आणि अनिरुद्ध साक्षीला आहेत, बाकी काही नाही. कंपनीला तीनदा फोन केला. त्यांच्याकडे त्या सहा दिवसांत माझ्या नंबरावर एकही कॉल नाही.

नानांना नवा फोन घेतलाय. मी भाजीला गेलो तरी आता बोलायला लावतो, आणि आवाज ऐकल्याशिवाय ठेवत नाही. ते चिडतात, घरचा नियम मोडला म्हणतात. मोडू दे.

तुमच्यापैकी कुणाला या सगळ्याचं कारण ठाऊक असेल तर जरूर लिहा, मला तर काडीचंही समजलेलं नाही. पण खरं सांगू, कारणावाचून माझं अडलेलं नाही. त्यांचा पाय सडत होता त्या पाचही रात्री मी तिकडे गाढ झोपलो, कारण नानांनी मला झोपवलं होतं. त्यांच्यावर ओरडायचं की त्यांच्या पाया पडायचं, तेवढं कुणीतरी सांगा.