शिफ्ट कोणती?

बजाजनगरच्या कामगार वस्तीत आमच्या कोपऱ्यावर मेडिकलवाले चाचा आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून झाली की चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "शिफ्ट कोणती?"

चिठ्ठीत 'सकाळ-संध्याकाळ' असलं, तरी कारखान्यातल्या माणसाची सकाळ दर आठवड्याला बदलते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून अँटिबायोटिकच्या पाकिटावर ते बारा तासांच्या अंतरानं घड्याळाच्या वेळा लिहायचे. वर बजावायचे, "पोट जास्त बिघडलं तर विचारा. अंगावर पुरळ उठलं का दम लागला, तर गोळी बंद, सीधा डॉक्टर गाठा. आन् बरं वाटलं म्हणून मधीच सोडायची नाय."

एकदा तिसऱ्या दिवशीच माझा ताप उतरला आणि उरलेल्या गोळ्या मी डब्यात टाकल्या. कामावर निघालो, तर चाचांनी दुकानातूनच मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. मी घरी वळलो आणि डब्यातली गोळी घेतली.

परवा दाढेसाठी गोळ्या आणायला गेलो. चष्मा कपाळावर गेला. "शिफ्ट कोणती?"

"रिटायर झालो, चाचा."

ते माझ्याकडं बघून हसले. "मग आता तुमची सकाळ म्हणजे सकाळच."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पाकिटावर नुसतं 'सकाळ-संध्याकाळ' लिहिलं.