उत्तरेकडच्या खिडक्या

नव्या काचेच्या कडेला लुकण लावलेलं असतं, त्याला जवसाच्या तेलाचा एक जड, किंचित गोडसर वास येतो. एखाद्या बांधकामावरून जाताना तो आजही आला की मी रस्ता ओलांडून पलीकडे जाते. लोकांना वाटतं, मास्तरीणबाईंना धुळीचा त्रास आहे. वाटू द्यावं.

नागपुरात घर बांधणारा माणूस वैशाखाला भिऊन घर बांधतो. धंतोलीतल्या आमच्या घराची मागची खोली तशीच होती: उत्तरेला झिलमिलीच्या, आडव्या लाकडी पट्ट्यांच्या, दोन प्रशस्त खिडक्या, परसात उघडणारं रुंद दार, आणि मे महिन्यात या सगळ्यांवर पाणी शिंपडलेल्या वाळ्याच्या ताट्या. पौषाचा विचार कुणी केलाच नव्हता. थंडी म्हणजे दोन महिन्यांची पाहुणी, तिच्यासाठी कोण खर्च करतो? पण वर्षानुवर्षांच्या उन्हानं ते लाकूड आक्रसलं होतं, झडपांतून बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या, आणि एका जानेवारीत आई त्याच खोलीत न्यूमोनियानं गेली. शेवटचे चार दिवस ती खिडकीवरच्या हलत्या पडद्याकडे बघत पडून होती. मीही तिकडेच बघत होते आणि मनाशी ठरवत होते की हिला या फटींनी मारलं. दुःखाला कुणीतरी आरोपी लागतो. मला तो आयता सापडला.

त्याच वर्षी धाकटी बहीण मालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि दिवस भरत होते नेमके मार्गशीर्षात. आईविना माहेर. आईचं सगळं करायचं होतं ते मला, बिनलग्नाच्या तिशीतल्या बहिणीला, जिला मुलं शाळेच्या बाकावर बसलेली तेवढी ठाऊक. जे येत नव्हतं त्याची भरपाई मी खिडक्यांनी करायची ठरवली. बाबा एवढंच म्हणाले, "तू बघ."

मग श्रावण-भाद्रपदातल्या सगळ्या सुट्ट्या मी लकडगंजात लाकूड बघत घालवल्या. लोखंडी चौकटींची तेव्हा नवलाई होती. मला त्या नकोत, लोखंड गारठतं. ओलं लाकूड नको, ते पुढे वाळून पुन्हा फटी पडतात. जुना, मुरलेला सागच हवा. झिलमिली तर मुळीच नको, जाड काच हवी, झडप जिथे चौकटीला टेकते तिथे चारही बाजूंनी नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, पट्टी हवी, आणि परसाच्या दारालाही तळाशी तशीच. मिस्त्री गमत्या होता. रंधा थांबवून म्हणाला, "बाई, खिडकी बनवून राहिलो का तिजोरी?" मला त्याचा राग आला नाही, उलट बरंच वाटलं. काम संपलं त्या संध्याकाळी मी उदबत्ती पेटवून प्रत्येक कडेशी धरली. धूर सुतासारखा सरळ वर गेला. इतका अभिमान मला माझ्या पदवीचाही वाटला नव्हता.

मालूला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर सीताबाई येऊ लागली. अंग चोळणं, न्हाऊ घालणं, शेक-धुरी हे सगळं तिच्याकडे. आमच्या दोघींनाही जन्मल्यावर तिनंच चोळलेलं, त्यामुळे ती आम्हांला अगंतुगंच करी. बाळंतिणीला वारा लागू नये हा तिच्या विद्येचा पहिला धडा. दर घरी ती फटींत चिंध्या कोंबत बसायची. आमच्या खोलीत तिनं खिडकीच्या कडेवरून तळहात फिरवला आणि खुशीत म्हणाली, "अवं ताई, जराकबी वारा नाही येऊन राहिला! तुही आई असती तर तिलेबी असं नसतं सुचलं." त्या वाक्यावर मी आठ दिवस जगले.

बारशाला दोन दिवस होते. सकाळी मालूचं न्हाणं झालं, ओले केस पसरून ती बाजेवर आडवी झाली, आणि सीताबाईनं रोजच्यापेक्षा थोडे जास्त निखारे घालून शेगडी बाजेखाली सरकवली, कारण गारठा वाढला होता. वर ओवा टाकला. ती बाळाला घेऊन परसातल्या उन्हात तेल चोळायला बसली. खिडक्या मी लावल्या. नमदा चौकटीला घट्ट बसेपर्यंत तळहातानं दाबून लावल्या, आणि दारही ओढून घेतलं. अकराच्या सुमारास मी आत डोकवायला निघाले, तर सीताबाई म्हणाली, "झोपू दे तिले. रातभर पोरीनं जागवलं." मी परत डिंक तळायला गेले.

बाळ दुधासाठी रडायला लागलं तेव्हा आम्ही दार उघडलं. मालूचे गाल गुलाबी झाले होते. मी चक्क म्हणाले, "बघा, कशी छान ऊब लागलीय." मग तिच्या खांद्याला हात लावला.

शेजारचे डॉक्टर आले. कोळशाच्या धुरानं, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, मोकळी हवा नसली की माणूस झोपेतच जातो. त्यांनी खिडक्यांकडे एकदा पाहिलं, नव्या आहेत का विचारलं. मी हो म्हटलं. ओसरीवर बाबा सीताबाईवर ओरडत होते, "तुझ्या शेगडीनं माझी पोर खाल्ली!" ती भिंतीला टेकून उभी होती, हाताला अजून तेल होतं. मी दोघांच्या मध्ये उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही. पुढे मालूच्या सासूबाई बाळाला अमरावतीला घेऊन गेल्या, आणि सीताबाईला धंतोलीत पुन्हा कुणी बाळंतिणीजवळ बोलावलं नाही.

नऊ वर्षांनी, बाबा गेल्यावर, मी सीताबाईचं घर शोधत गेले. ती दारात सुपात तांदूळ निवडत बसली होती. नजर अधू झाली होती, पण आवाजावरून तिनं मला ओळखलं. बस म्हणाली. मग मी काही विचारण्याआधीच, जणू नऊ वर्षं तेच घोळवत असावी तशी म्हणाली, "कोळसा तोच होता वं ताई. तू झाली तवा, मालू झाली तवा, साऱ्या बाळंतिणींले जसा पेटवला तसाच पेटवला. मंग तिलेच काहून झालं, मले समजतच नाही."

मी तिला सांगितलं. फटींचं, नमद्याचं, डॉक्टरांच्या प्रश्नाचं, सगळं. जुन्या खिडक्या असत्या तर धूर निघून गेला असता, तुझं काही चुकलं नव्हतं, हेही सांगितलं. तिचे हात सुपात थांबले. मला वाटलं ती रडेल, निदान शिव्या तरी देईल. मी त्यासाठीच तर गेले होते.

"हे तुले तवाच समजलं होतं?"

"हो."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं वं?"

प्रश्नात राग नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी उत्तर जुळवू लागले, पण जे जे सुचलं ते तोंडाशी येईपर्यंत खोटं होत गेलं. मग तिनं मान खाली घातली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.