जमिरनची माफी

जमिरन बीबी विणकराची बायको आणि दोन विणकरांची आई. जन्मभर मागावर बसून तिची पाठ वाकली, जीभ मात्र सरळच राहिली. बंगालातल्या कुसुमखाली गावात कुणी थापा मारू लागला की लोक म्हणत, “हे जमिरनसमोर बोलून दाखव.” ह्याच खरेपणाने तिचं घर खाल्लं.

थोरला बसीर अजून बिनलग्नाचा, धाकटा तोराब. बाप केव्हाच मातीआड गेला होता. एका सकाळी मासे धरायच्या जाळ्यावरून भावाभावांत जुंपली, आणि तोराबच्या हातात कोयता होता. जमिरनच्या डोळ्यांदेखत बसीर अंगणात पडला, तो उठलाच नाही. दारोगा आला तेव्हा तोराब म्हणाला, “घसरून कोयत्यावर पडला.” दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं, आणि एकट्या बाईच्या साक्षीवर कुणाचा जीव जात नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तोराब गप्प राहता तर चार-सहा वर्षं तुरुंगात सडला असता, इतकंच.

पण जमिरनला आपली सासू आठवली. सासऱ्याला मारणाऱ्याने काझीपुढे कबुली दिली, सासूने त्याला माफ केलं, आणि तो माणूस मरेपर्यंत दर ईदला सासऱ्याच्या कबरीवर माती लोटायला येई. मेलेल्याच्या रक्ताची मागणी वारसाने करायची आणि माफीही वारसानेच द्यायची. बसीरची वारस आता ती एकटीच होती. पकडलेल्या तोराबला भेटायला ती चालत तुरुंगात गेली.

“कबूल कर.”

“मा, फासावर देतील गं!”

“कोण देतील? रक्त माझं सांडलंय. मी मागितलं तर तुझा जीव जाणार, आणि मी मागणार नाही. पण जे केलंच नाही म्हणतोस, त्याची माफी कशी देऊ, करंट्या?”

“आणि कचेरीतला गोरा साहेब?”

“साहेब बसतो नुसता खुर्चीत. शिक्षेचा फतवा मौलवीच लिहितात.”

मेलीला कळणार तरी कसं? वारसाची माफी यापुढे धरायची नाही, असा कंपनीचा नवा कायदा कलकत्त्याहून आला होता. गावोगाव करवसुलीची दवंडी पिटणाऱ्यांना ही दवंडी पिटायचं काही सुचलं नाही.

कचेरीत तोराबने मान खाली घालून सगळं कबूल केलं. जमिरनने पदराआडून तीनदा खणखणीत सांगितलं, “माफ केलं.” घरी परतताना वाटेत त्याला खायला तिने पोहे-गूळही बांधून आणला होता.

साहेबाने दुभाष्याकडून मौलवींना विचारलं, “समजा, आईने जिवाबद्दल जीव मागितला असता, तर?”

म्हाताऱ्या मौलवींनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, “तर मृत्यू.”

“मग तेवढंच लिहा.”

त्यांनी लिहिलं.

जमिरनने त्यांना दारातच गाठलं. “मौलवीसाहेब, मी माफ केलं ते ऐकलंत ना?”

“ऐकलं, बीबी.”

“मग तुम्ही कागदावर लिहिलीत ती आई, माझ्या लेकराचा जीव मागणारी, राहते कुठे? सांगा, जाऊन तिच्या पाया पडते.”

“मलाही पोरंबाळं आहेत, बीबी,” असं पुटपुटून ते पालखीत बसले. असली लाज आणि असली भीती एकाच दाढीत नांदतात.

कलकत्त्याहून फाशीला मंजुरी आली. लोकांना धडा मिळावा म्हणून कुसुमखालीच्या बाजारातच फास टांगला. तोराबने गर्दीत तिला शोधून काढलं. “मा, तूच म्हणालीस ना?” एवढंच तो बोलू शकला.

त्यानंतर जमिरन अकरा वर्षं जगली, आणि रोज मागावर बसली. एकदा शेजारच्या सोनाभानचा मुलगा मारामारीत माणूस मेला म्हणून पकडला गेला. थोरल्या बहिणीकडे यावं तशी सोनाभान रडत हिच्याकडे आली. “बुबू, तू कचेरी पाहिलीयेस. मी काय करू?”

जमिरनने मागावरचा धोटा थांबवला नाही. “पोराला सांग, तोंड उघडू नकोस. कुराण पुढे ठेवलं तरी नाही.”

“आणि मी काय सांगू?”

“तू? तू त्याची आई आहेस, हेसुद्धा कबूल करू नकोस.”