सात पाचचा फोन

जगात अजून न घडलेल्या सगळ्या दुर्घटनांची आगाऊ माहिती एकाच माणसाला असते, आणि तो माणूस भांडुपला राहतो. आमच्या अंधेरीच्या पॅकिंग कंपनीत ते स्टोअर सांभाळायचे. मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना काका म्हणायचे. काका खुर्चीत सलग दहा मिनिटं बसलेले मी बावीस वर्षांत पाहिले नाहीत. उठायचे, वायरचा वास घ्यायचे, जिन्याच्या पायऱ्या पुन्हा मोजून यायचे. (चौतीस. मीही मोजल्या आहेत.) खिशात एक टॉर्च, टेबलात दुसरी, आणि ती अंधारात सापडावी म्हणून खणाच्या कडीला चमकणारी पट्टी. प्रत्येक कुलपाची दुसरी चावी दुसऱ्या माणसाकडे, हा त्यांचा नियम, स्वतःच्या घराचीसुद्धा. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला आले ते मुलाकडे न बघता थेट आचाऱ्याकडे गेले आणि गॅसचा सिलिंडर सहा फूट मागे हलवूनच परतले. वर मला म्हणाले, ‘‘आता मुलगा दाखव.’’

त्यांचं मोठं काम म्हणजे फोनची साखळी. संकट आलं की काकांनी दोघांना फोन करायचा. त्या दोघांनी चौघांना, चौघांनी आठांना, आठांनी सोळांना. झाली तीस माणसं. यादीतल्या शेवटच्या माणसानं गेटवरच्या वॉचमनला कळवायचं, वॉचमननं वेळ वहीत लिहायची आणि काकांनी सोमवारी ती वाचायची. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी सात पाचला याची तालीम. पहिल्या दोघांतला एक मी. ‘‘गोडाऊनला आग लागलीय. समज. फोन लाव,’’ एवढंच बोलून ते ठेवून द्यायचे. दुसऱ्या शिंदेबाई. त्या एकदा वैतागून म्हणाल्या, ‘‘काका, आधी चहा घेऊ का? आग थांबेल ना?’’ पुढच्या महिन्यात त्यांना सात चारला फोन आला.

लोक हसायचे. मग एका रविवारी खरंच गोडाऊनमध्ये पाणी शिरलं. अकरा मिनिटांत तीसही जणांना कळलं, दोन तासांत कागदाचे सगळे रोल उंचावर चढले. मालक म्हणाले, ‘‘काका, नशीब आपलं!’’ काका आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत. मला म्हणायचे, ‘‘नशीब काय रे? अकरा मिनिटं!’’

आणि एका पहिल्या शनिवारी सात पाचला फोन आलाच नाही.

सात दहा झाले. बायको म्हणाली, ‘‘झोपू द्या ना त्यांना एक दिवस.’’ मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. शिंदेबाईंना विचारलं; त्यांनाही काकांचा फोन आला नव्हता. कपाटाच्या दाराला चिकटवलेला साखळीचा तक्ता मी पाहिला. काकांनी लाल पेनानं, पट्टी लावून आखलेले तीस बाण. मी दोनदा मोजले. काकांच्या नावापासून दोन बाण निघत होते. त्यांच्या नावाकडे एकही येत नव्हता. काकू गेल्यापासून ते एकटेच राहत होते.

मुलुंडहून रिक्षानं भांडुपला गेलो. दुधाची पिशवी दारातच. शेजारच्या मालवणी काकी बाहेर आल्या. ‘‘दूध अजून भायेरच असा हो. माका वाटला, झोपलेहत.’’ दुसरी चावी त्यांच्याकडेच होती.

काका न्हाणीत पडले होते. पाय खुब्यापासून हलत नव्हता. हातात तांब्या; बादलीवर वाजवून वाजवून त्याला पोचे आले होते. मला पाहून पहिला प्रश्न, ‘‘वाजले किती?’’

‘‘सात एक्कावन्न.’’

‘‘म्हणजे सेहेचाळीस मिनिटं. फार झाली रे.’’

‘‘काका, तुमच्याकडे बाणच नाही.’’

ते छताकडे बघत राहिले. त्या एवढ्याशा वेळात मी त्यांना पहिल्यांदा स्वस्थ पाहिलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. ‘‘माझ्यासाठी कुणाला तिसरा फोन करायला लावला, तर वेळ वाढतो,’’ ते म्हणाले. मग हळूच, ‘‘मला फोन करून कोण काय सांगणार, असं वाटलं.’’

पाय बरा झाला, काठी आली, निवृत्तीही आली. ऑफिसात आता मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर मुख्यतः वाढदिवस साजरे होतात. मी मात्र रोज सकाळी सात पाचला काकांना फोन करतो. पहिल्या रिंगला उचलतात. ‘‘आज सात सहा झाले,’’ कधी तक्रार करतात. माझं घड्याळ बरोबर असतं, पण मी वाद घालत नाही.

मध्यंतरी माझ्या घरी आले, तेव्हा न सांगता उठून कपाटापाशी गेले आणि तक्त्यावर माझ्या नावापासून स्वतःच्या नावापर्यंत एकतिसावा बाण काढला. तो पेन्सिलीनं. म्हणाले, ‘‘तुला कधी जमलं नाही, तर खोडता येईल.’’

ते जिना उतरायच्या आत मी तो लाल पेनानं गिरवला.