आमच्याच बूथवर पडलेला उमेदवार

सदा परब गेल्याचा मेसेज चाळीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी त्यावर विश्वास ठेवला नाही. या ग्रुपवर धडधाकट माणसांनाही श्रद्धांजली वाहून झालेली आहे. मी तडक परळच्या हॉस्पिटलात गेलो, तर खाली अर्धी चाळ उभी होती. मेसेज खरा होता. आदल्याच आठवड्यात त्याला भेटून आलो होतो. नाकात नळी, आवाज खोल गेलेला, तरी माझ्याकडे रोखून बघत त्याने तेच विचारलं, "आता तरी खरं सांग रे दिग्या, दिलं होतंस?" मी म्हटलं, "दिलं होतं." त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं…

डिलाईल रोडच्या चाळीत आम्ही शेजारी. दोघांचेही बाप गिरणीत. आमच्या वॉर्डातल्या निवडणुकांचा इतिहास सदाला तोंडपाठ होता आणि त्यातला एकही विजयी उमेदवार त्याला मान्य नव्हता. गिरण्या चालू होत्या तोवर इथे लाल बावटा यायचा. पुढे झेंडा बदलला, मग एका पक्षाचे दोन झाले, वॉर्डाच्या हद्दी फिरल्या, टॉवरमधले मतदार आले. सदा म्हणायचा, "झेंड्याचं सोड रे. माणूस कधी वाकडा झाला ते बघ." संध्याकाळी त्याच्या दाराबाहेर गॅलरीत बसून आम्ही एकेका नगरसेवकाची सालं काढायचो. एकाच्या मेव्हण्याला नाक्यावर दुकान कसं मिळालं? दुसरा गिरणीच्या जागेवरून एवढा गळा काढायचा, मग ऐन मीटिंगच्या दिवशी त्याला नेमका ताप कसा आला? पुरावा कशाचाच नसायचा. आम्हाला तो लागायचाही नाही.

मग एका वर्षी सदाच उभा राहिला. अपक्ष, निशाणी कपबशी. चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली होती आणि आपला माणूस आत हवा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मत देऊन आलेल्याने गणपती मंडळाच्या ऑफिसात यायचं, शाईचं बोट दाखवायचं आणि चहा घ्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. त्या दिवशी सदाने बोटं बघितलीच नाहीत. तो तोंडं बघत बसला होता. सगळे हसत होते, पाठ थोपटत होते. आणि सदा सपशेल पडला. पडण्याचं त्याला एवढं नव्हतं, वॉर्ड मोठा होता. पण पूर्वी मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायचे तेव्हा जे झाकून जायचं, ते मशीनमुळे उघडं पडलं. आमच्या चाळीच्या बूथवरही तो मागे होता.

तिथून त्याचा संशय आमच्या घराघरांत शिरला. पहिल्या मजल्यावरचे तात्या निकालानंतर मुद्दाम घरी येऊन त्याचं सांत्वन का करून गेले? समोरच्याने नजर का चुकवली? सगळ्यात जास्त संशय माझ्यावर, कारण मी सगळ्यात जवळचा. मी आईची शपथ घेतली. "ज्याने दिलंय तो शपथ कशाला घेईल?" तो म्हणाला. रागावून मी काही महिने त्याच्याकडे फिरकलो नाही, तर तोही त्याला पुरावाच वाटला. मी खरंच त्याला मत दिलं होतं. एवढी साधी गोष्ट माझ्या मित्राला पटू नये, याने मी आतून पोळत होतो.

तेराव्याला जेवणं झाल्यावर जो तो मला कोपऱ्यात घेऊन सांगत होता, "मी सदालाच दिलं होतं हां." एवढ्या सगळ्यांनी दिलं असतं, तर आमच्या बूथवर तरी तो पडला नसता! हो हो म्हणत मी मान हलवत राहिलो. एकावरही विश्वास बसला नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनी गॅलरीत सदाच्या खुर्चीवर बसून गवार मोडत होत्या. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मान वर न करता त्या म्हणाल्या, "भावजी, मी नव्हतं दिलं मत."

"कोणाला?"

"ह्यांना. जो निवडून येतो त्याच्याबद्दल तुम्ही दोघं इथे बसून काय काय बोलायचात, ते मी आतून ऐकायचे. ह्यांच्याबद्दल कोणी तसं बोललेलं मला नाय सोसलं असतं… आणि तुम्हीच बोलला असता." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ते तुम्हाला विचारायला लागले की मी चहा टाकायला उठायचे."

बोललो असतो का मी? बोललो असतो. पहिल्याच वर्षी.

बाकीची मतं कुठे गेली ते देव जाणे, पण इतक्या जणांच्या सांगण्यात हे एकच मला खरं वाटलं. वहिनींचा भयंकर राग आला. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर शपथा घेत होतो. वाटलं, सदाला गदागदा हलवून उठवावं आणि सांगावं, बघ, मी नव्हतो! मग वहिनींकडे पाहिलं. गवार कधीच मोडून झाली होती, तरी त्या ताटात हात फिरवत होत्या. सदा माझ्यावर संशय घेऊन गेला, तेच बरं झालं.